डाळ ताटात, सत्त्व टरफलात

नागपूर : तूर, हरभरा आणि सोयाबीन ही विदर्भातील शेतीची महत्त्वाची पिके. यांपैकी तूर आणि हरभरा कळमन्याच्या बाजार आवारातून दालमिलकडे जातात आणि डाळीचे रूप घेऊन इतवारीच्या ठोक दुकानांत पोहोचतात. या प्रवासात दाण्याचा एक भाग मागे राहतो. साल, चुरा आणि पीठ अशा स्वरूपात तो निराळ्या पोत्यांत भरला जातो. चुनी किंवा टरफल या नावाने त्याची विक्री होते आणि अखेर तो गाई-म्हशींच्या गव्हाणीत पडतो. डाळ विकत घेणाऱ्या ग्राहकाची त्याच्याशी कधी गाठ पडत नाही.

अन्नशास्त्राच्या दृष्टीने मात्र ही पोती दुर्लक्ष करण्याजोगी नाहीत. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या घटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यानुसार १०० ग्रॅम अख्ख्या तुरीत सुमारे २३ ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात, तर तेवढ्याच तूरडाळीत ते सुमारे ९ ग्रॅम उरतात. हरभऱ्यात हे प्रमाण सुमारे २५ ग्रॅम असते आणि हरभऱ्याच्या डाळीत १५ ग्रॅम. अख्खा मूग आणि मूगडाळ यांत १७ आणि ९, तर अख्खे उडीद आणि उडीदडाळ यांत २० आणि १२ असा फरक आढळतो. हा फरक ज्या वस्तूमुळे पडतो, ती वस्तू टरफलाच्या पोत्यात असते.

मधुमेहाचा वाढता प्रादुर्भाव लक्षात घेता या आकड्यांना वेगळेच महत्त्व येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचा अंदाज वर्तविला. तंतुमय पदार्थांनी समृद्ध आहार ही या विकारातील पथ्याची एक महत्त्वाची बाजू आहे. अशा वेळी जे तंतू दररोज गिरणीत वेगळे काढले जातात त्यांचे पुढे काय करायचे, हा प्रश्न केवळ गिरणी व्यवसायापुरता राहत नाही.

गिरणीत काय घडते?

तुरीच्या दाण्याचे ढोबळमानाने तीन भाग असतात. आतली दोन दले दाण्याच्या वजनाच्या सुमारे ८५ टक्के भरतात. साल सुमारे १४ टक्के असते आणि उरलेला एखादा टक्का म्हणजे अंकुर. दलांवरील साल डिंकासारख्या थराने घट्ट चिकटलेली असते. मूग, उडीद आणि तूर यांची साल काढणे हरभऱ्याच्या तुलनेत अवघड जाते, ते याच थरामुळे.

हा थर सैल करण्यासाठी दालमिलमध्ये दाणा आधी एमरीच्या खरबरीत रोलरवर घासला जातो. मग त्याला खाद्यतेल चोळून ढिगात मुरू देतात, पाण्याचा हात देतात आणि उन्हात किंवा यंत्रावर वाळवितात. त्यानंतर पुन्हा रोलरवर साल उतरविली जाते. साल निघालेला अख्खा दाणा म्हणजे 'गोटा'. तो फोडला की डाळ तयार होते. ग्रामीण भागात हेच काम पाण्यात भिजविलेल्या तुरीला लाल मातीचा हात देऊन, वाळवून आणि जात्यावर भरडून केले जात असे.

हिशेबाने १०० किलो तुरीपासून सुमारे ८५ किलो डाळ मिळायला हवी. प्रत्यक्षात व्यापारी गिरण्यांत ती बहुधा ७० ते ७५ किलोच मिळते. उरलेल्या मालात खरी साल निम्म्याच्या आसपास असते. बाकीचा भाग म्हणजे घासून निघालेले दलांचे पीठ, तुटलेले दाणे आणि अंकुर. याचाच अर्थ असा की, चुनीच्या पोत्यात तंतूंबरोबर चांगल्या प्रतीची प्रथिनेही जातात. हे नुकसान आटोक्यात आणण्याच्या दृष्टीने अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली 'पीकेव्ही मिनी दालमिल' उल्लेखनीय आहे. या छोट्या यंत्रामुळे डाळ गावातच तयार करणे शक्य झाले आणि चुनीही शेतकऱ्याच्या घरीच राहू लागली.

सालीत दडलेले घटक

सालीचा मुख्य घटक म्हणजे तंतुमय पदार्थ. सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन हे त्यांतील प्रमुख प्रकार. ते पाण्यात विरघळत नाहीत, परंतु पाणी धरून ठेवतात. त्यामुळे आतड्यातील मळाचे आकारमान वाढते आणि बद्धकोष्ठता कमी होण्यास मदत होते. कोलेस्टेरॉल उतरविण्यात ज्या विद्राव्य तंतूंचा वाटा अधिक मानला जातो, त्यांचे प्रमाण सालीत कमी असते. म्हणूनच टरफल म्हणजे सर्व विकारांवरील उतारा, असा समज करून घेणे योग्य नाही.

दुसरा घटक खनिजांचा. पोषण संस्थेच्या त्याच तक्त्यांत अख्ख्या हरभऱ्यातील कॅल्शियम १०० ग्रॅममागे सुमारे १५० मिलिग्रॅम दिले आहे. हरभऱ्याच्या डाळीत ते ५० मिलिग्रॅमच्याही खाली येते. कॅल्शियमचा मोठा साठा सालीत असल्याचे यावरून दिसून येते.

तिसरा आणि संशोधकांना सर्वाधिक आकृष्ट करणारा घटक म्हणजे पॉलिफेनॉल. बी जमिनीत पडले की बुरशी, जिवाणू आणि किडी त्यावर हल्ला करतात. त्यांना तोंड देण्यासाठी वनस्पती आपली संरक्षक रसायने बाहेरच्या आवरणात साठवून ठेवते. तुरट चवीचे टॅनिन, तसेच कॅटेचिन आणि क्वेर्सेटिन यांच्या कुळातील फ्लॅव्होनॉइड ही त्यांची उदाहरणे. तुरीतील पॉलिफेनॉलचा बहुतांश भाग सालीतच आढळतो. सालीचा रंग जितका गडद, तितके हे घटक सामान्यतः अधिक असतात. काळ्या सोयाबीनच्या सालीत तर जांभळासारख्या फळांना रंग देणारी अँथोसायनिन द्रव्ये सापडतात. ऑक्सिडीकरण रोखण्याची या संयुगांची क्षमता प्रयोगशाळेत वारंवार दिसून आली आहे.

चौथा घटक सालीत नसून भिजविलेल्या आणि शिजविलेल्या कडधान्याच्या पाण्यात उतरतो. रॅफिनोज, स्टॅकिओज आणि व्हर्बॅस्कोज या शर्करा माणसाच्या लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातील जिवाणू त्यांचे किण्वन करतात. कडधान्याने पोटात वायू धरतो तो यामुळे. याच शर्करा आतड्यातील उपयुक्त जिवाणूंचे खाद्य ठरतात, त्यामुळे त्यांच्याकडे आता 'प्रीबायोटिक' म्हणून पाहिले जाते. या पाण्यात सॅपोनिनही असतात. डाळ उकळताना वर येणारा फेस काही अंशी त्यांच्यामुळे असतो. काबुली चण्याच्या अशाच पाण्याला २०१५ मध्ये 'अ‍ॅक्वाफाबा' असे नाव मिळाले. अंड्याच्या पांढऱ्या बलकाऐवजी ते घुसळून वापरण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांत रूढ झाली.

सोयाबीनने घालून दिलेला धडा

प्रक्रियेतील दुय्यम पदार्थापासून आरोग्योपयोगी द्रव्य मिळविण्याची कल्पना नवी नाही. तिचे सर्वांत मोठे उदाहरण सोयाबीन आहे. १०० किलो सोयाबीनपासून साधारण १८ किलो तेल मिळते. तेल काढल्यानंतर उरणारी पेंड व्यापारी भाषेत 'डीओसी' म्हणून ओळखली जाते. कच्च्या तेलातून डिंकासारखा जो साका वेगळा काढावा लागतो, त्यापासून लेसिथिन तयार होते. चॉकलेटपासून औषधी गोळ्यांपर्यंत त्याचा वापर होतो. तेलाचा वास घालविताना वाफेबरोबर निघून जाणारा अंश पूर्वी निरुपयोगी समजला जाई. त्यातून आज ई जीवनसत्त्व आणि वनस्पतिजन्य स्टेरॉल मिळविले जातात. दररोज सुमारे २ ग्रॅम स्टेरॉल आहारात गेल्यास रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉल साधारण ८ ते १० टक्क्यांनी कमी होते, हे मानवी चाचण्यांतून सिद्ध झाले आहे.

या क्षेत्रातील एक प्रकरण औषधनिर्मितीच्या इतिहासात नोंदले गेले आहे. आफ्रिकी-अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ पर्सी ज्युलियन हे शिकागो येथील ग्लिडन कंपनीत काम करीत होते. सोयाबीन तेलाच्या टाकीत पाणी शिरल्याने तळाशी पांढरा गाळ साचला. हा गाळ स्टेरॉलचा असल्याचे ज्युलियन यांनी ओळखले आणि १९४० पासून त्यातील स्टिग्मास्टेरॉलपासून प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. तोवर प्राण्यांच्या अवयवांपासून अल्प प्रमाणात आणि महागात मिळणारे औषध त्यामुळे आवाक्यात आले. बिघडलेल्या मालातून औषध निर्माण होण्याची ही घटना होती.

सोयाबीनचा अंकुर हेही असेच उदाहरण. दाण्याच्या वजनात त्याचा वाटा सुमारे २ टक्के असला, तरी आयसोफ्लॅव्होनचे एकूण प्रमाण त्यात दलांच्या पाच-सहा पट असते. साल काढताना वेगळा होणारा हा अंकुर पूरक आहाराच्या गोळ्यांसाठी वापरला जातो.

चिंचेचाही येथे उल्लेख करावा लागेल, कारण वनस्पतिशास्त्रानुसार तीही शेंगावर्गीय. चिंचेचा गर काढल्यावर उरणारा चिंचोका पूर्वी गावोगावी खेळण्यापुरता उरत असे. त्याच्या पिठाचा उपयोग वस्त्रोद्योगात खळ म्हणून सुरू झाला. आज त्यातील झायलोग्लुकन हे बहुशर्करेचे द्रव्य डोळ्यांच्या कोरडेपणावरील थेंबांत वापरले जाते.

दाव्यांपुढील प्रश्नचिन्ह

सोयाबीनचे यश पाहून तुरीच्या टरफलापासूनही उद्या औषध निघेल, असे गृहीत धरता येत नाही. काचनळीत दिसणारा परिणाम आणि माणसाच्या शरीरात होणारा परिणाम यांत मोठे अंतर असते. पॉलिफेनॉलचा पुष्कळ भाग आतड्यातून रक्तात जातच नाही. मानवी चाचण्यांनंतरही मत बदलू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्ये सोया प्रथिने हृदयविकाराचा धोका कमी करतात, असा दावा वेष्टनावर छापण्यास मान्यता दिली होती. पुढील पुरावा एकसारखा न आढळल्याने त्याच प्रशासनाने २०१७ मध्ये ती मान्यता मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला.

राजम्यातील, स्टार्चचे पचन रोखणाऱ्या प्रथिनांच्या गोळ्यांचा अनुभवही बोलका आहे. 'हवे तेवढे खा आणि वजन घटवा' अशा धर्तीच्या प्रचाराने १९८०च्या दशकाच्या आरंभी त्या अमेरिकेत खपल्या. १९८२ मध्ये तेथील प्रशासनाने त्यांची विक्री थांबविण्याचा आदेश दिला. राजमा नीट न शिजविता खाल्ल्यास त्यातील लेक्टिनमुळे उलट्या आणि जुलाब होतात, हेही सर्वज्ञात आहे. पूर्व विदर्भात धानाच्या बांध्यांतून घेतल्या जाणाऱ्या लाखोळीची गोष्ट तर याहून गंभीर. तिच्यातील ओडॅप या द्रव्यामुळे, दीर्घकाळ तीच मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास, पाय लुळे पडण्याचा विकार होऊ शकतो. दाण्यात जे आहे ते सारेच हितकारक नसते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

लोहाचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. सालीतील टॅनिन आणि दाण्यातील फायटिक आम्ल लोहाला बांधून ठेवतात, त्यामुळे आहारातील लोह शरीराला पुरेसे मिळत नाही. मधुमेही व्यक्तीला लाभदायक ठरू शकणारी सालीची भुकटी रक्तक्षय असलेल्या तरुणीला अपायकारक ठरू शकते. टरफलापासून तयार होणारे कोणतेही उत्पादन सरसकट सर्वांसाठी योग्य ठरविण्यापूर्वी हा विचार करावाच लागेल.

गव्हाणीतून ताटाकडे जाण्यातील अडचणी

आज गिरणीतून बाहेर पडणारे टरफल पशुखाद्य म्हणून हाताळले जाते. दाण्यावरील धूळ, फवारणीचे अवशेष आणि घासून निघालेले रोलरचे कण यांचा शिरकाव प्रथम सालीतच होतो. पाण्याचा हात दिलेला माल ओलसर राहिला तर बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिनसारखी विषद्रव्ये तयार होण्याचा धोका संभवतो. हेच टरफल दळून माणसाच्या अन्नात मिसळणे म्हणूनच धोक्याचे आहे. ते कायद्यालाही धरून होणार नाही. अन्नसुरक्षा मानकांनुसार बेसन हे साल काढलेल्या हरभऱ्याचेच असावे लागते. त्यात टरफल मिसळणे ही भेसळ ठरते, मग त्याला 'तंतुमय' असे कितीही गोंडस नाव दिले तरी.

खाण्यायोग्य तंतू किंवा अर्क तयार करायचा झाल्यास दाण्याची स्वच्छता, धुणे, वाळविणे आणि साठवण या साऱ्या पायऱ्या अन्नाच्या निकषांवर उतराव्या लागतील. कॅनडा आणि युरोपात वाटाण्याच्या सालीचे तंतू पाव आणि मांसजन्य पदार्थांत वापरले जातात. तेथे साल आरंभापासूनच अन्नपदार्थ म्हणून हाताळली जाते.

दुसरी अडचण अर्थकारणाची. चुनी ही टाकाऊ वस्तू नव्हे. तिला गिऱ्हाईक आहे आणि ते गिऱ्हाईक म्हणजे विदर्भातील पशुपालक. सरकीची ढेप महागते त्या दिवसांत कुटार आणि चुनी यांवरच दुभत्या जनावरांची भिस्त असते. गाई-म्हशींचे पोट सालीतील तंतू पचवून त्यांचे दूध करते. माणसाला जे पचत नाही, ते अशा रीतीने त्याच्याकडे परत येते. उद्या उद्योगांनी चुनी चढ्या भावाने उचलली तर त्याची झळ गोठ्याला बसेल. सालीतून पॉलिफेनॉल काढून घेतल्यानंतर उरलेला तंतुमय चोथा पशुखाद्य म्हणून परत देता येणे शक्य आहे. टॅनिन कमी झालेला चोथा जनावरांना अधिक पचण्याजोगाही ठरू शकतो. मात्र तो द्रावकांच्या अंशापासून मुक्त असल्याची खातरजमा आधी व्हावी लागेल.

या कामासाठी लागणारे शास्त्रीय बळ विदर्भात उपलब्ध आहे. राव बहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ मध्ये उभ्या राहिलेल्या नागपूरच्या लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्थेत तेल आणि अन्न या दोन्ही शाखांचे शिक्षण दिले जाते. २०२३ मध्ये या संस्थेला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नागपुरात आहे, तर दालमिलच्या यंत्रांचा अनुभव अकोल्याच्या कृषी विद्यापीठाकडे आहे. माणसाचे अन्न, जनावराचे खाद्य आणि गिरणीचे यंत्र या तीन बाजूंची जाणकारी एवढ्या जवळ असणे, ही विदर्भाची जमेची बाजू म्हणावी लागेल.

घरात काय करता येईल?

टरफलातील घटक मिळविण्यासाठी ग्राहकाला अर्काच्या बाटलीची वाट पाहण्याचे कारण नाही. हरभरा, मूग, मटकी, मसूर, बरबटी आणि वाल सालीसकट खाण्याची परंपरा आपल्याकडे आहेच. नागपूरच्या तर्री-पोह्यांतील तर्रीत अख्खा हरभरा असतो. उसळ, घुगऱ्या, सालीसकट खाल्लेले फुटाणे, सालीची मूगडाळ आणि काळे उडीद हे त्याच मालिकेतील पदार्थ. तर्रीतील तेल आणि मीठ आवरले तर उत्तम.

हिशेब सोपा आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार २,००० किलोकॅलरीच्या दैनिक आहारात सुमारे ३० ग्रॅम तंतुमय पदार्थ असावेत. ५० ग्रॅम तूरडाळीच्या वरणातून सुमारे साडेचार ग्रॅम मिळतात, तर ५० ग्रॅम हरभऱ्याच्या उसळीतून साडेबारा ग्रॅम. अख्खी तूर मात्र शिजण्यास कठीण आणि चवीला तुरट असल्याने तिची डाळच सोयीची. हिवाळ्यात ओल्या तुरीचे कोवळे सोले खाल्ले जातात, त्यांत साल सहजच पोटात जाते.

लोहाच्या अडचणीवरही स्वयंपाकघरात उपाय आहेत. कडधान्य रात्रभर भिजविल्याने, मोड आणल्याने आणि आंबविल्याने फायटिक आम्ल कमी होते. भिजविलेले पाणी टाकून दिल्यास वायू धरण्याचा त्रासही घटतो. जेवणात लिंबू पिळल्याने किंवा जेवणासोबत संत्रे खाल्ल्याने क जीवनसत्त्व मिळते आणि लोहाचे शोषण वाढते. संत्र्यांच्या नगरीत हा उपाय महाग पडू नये. जेवणाला लागून चहा घेणे टाळावे, कारण चहातील टॅनिनही लोहाला अडवितात. तंतुमय पदार्थ एकदम न वाढविता हळूहळू वाढवावेत आणि पाणी पुरेसे प्यावे. मूत्रपिंडाचा किंवा आतड्याचा विकार असणाऱ्यांनी आहारात बदल करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक आहे.

टरफलापासून औषधी अर्क काढण्याचे प्रयत्न यशस्वी होतील तेव्हा होतील. तोवर वरण-भाताच्या ताटात आठवड्यातून तीन-चार वेळा सालीसकट कडधान्याची एक वाटी वाढली, तर गव्हाणीत जाणाऱ्या सत्त्वाचा काही वाटा घरातच राहू शकेल.